भिवाकाकांच्या चोवीसच्या रांगा

आमच्या लोअर परळच्या चाळीत भिवाकाकांना सगळे ‘भागाकारकाका’ म्हणतात. हे नाव मीच ठेवलंय, दहावीत असताना, चिडून. मी कुठेही निघाले की काका अडवायचे, “प्रिती, एकशे ऐंशी खुर्च्या, एका रांगेत पंधरा. रांगा किती?” अहो, मी दूध आणायला चाललेय!

काका पोस्टात चौतीस वर्षं सॉर्टिंगला होते. त्यामुळे असेल, पण कुठलीही वस्तू ढिगात पडलेली त्यांना बघवत नाही. चाळीत लग्न असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, खुर्च्या मांडायला काका हजर. शेवटची रांग अर्धी राहिली तर सगळ्या उचलून पुन्हा हिशेब करतील. पोरं टिंगल करतात, काका हसतात, पण रांग काही सोडत नाहीत.

यंदा चाळीमागचं बुद्धविहार नव्याने बांधून झालं आणि बुद्धपौर्णिमेला ते उघडलं. हजारभर माणसं येणार, मग चपलांचं काय? काका म्हणाले, “ते माझ्याकडे द्या.” त्यांनी एकसारख्या निळ्या पिशव्या शिवून घेतल्या. जोडी पिशवीत घालायची, माणसाला नंबरचा बिल्ला द्यायचा आणि पिशव्या ओळीने ताडपत्रीवर ठेवायच्या, एका रांगेत चोवीस. पिशवीवर मात्र नंबर नाही.

“का हो?” मी विचारलं.

“चिठ्ठी पडते गं. जागा कुठे पडतेय? नंबरला चोवीसने भागायचं, की रांगही कळते आणि रांगेतली जागाही.”

मी बँकेत ऑफिसर आहे. मनात म्हटलं, झालं, म्हातारा सगळा घोळ घालणार.

सकाळी साडेदहाला काका बीपीची गोळी घेऊन जरा आडवं व्हायला घरी गेले. जाताना मला सांगून गेले, “चोवीस रांगा पूर्ण झाल्यात, पाचशे शहात्तर पिशव्या. पुढच्या तू लाव.” मी लावायला घेतल्या. रांगेच्या टोकाला एका पिशवीपुरती जागा उरत होती. म्हटलं, चोवीस कशाला, पंचवीस करू, चार रांगांचे सरळ शंभर. तेवढाच हिशेब सोपा. काकांना सांगायचं मात्र डोक्यातून गेलं.

त्याच गर्दीत शेजारच्या इरावतीमावशी माझ्या आईला घेऊन आल्या. आईचं नाव राधा. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय तीन इंच आखूड. त्या पायात ती जाड तळव्याचा खास बूट घालते. दादरचा एक कारागीर माप घेऊन तो बनवतो आणि त्याला दोन महिने लागतात. जुना फाटलाय, फेकलाय. तो बूट म्हणजे आईचं चालणं, दुसरं काही नाही. चारचौघांत ती तो कधीच काढत नाही. विहारातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं, “ताई, तुम्ही बुटासकट या.” पण ती ऐकेल तर ना! “बुद्धांसमोर बूट घालून? छे!” मावशींनी बूट पिशवीत घालून दिला. मी पिशवी ठेवली, बिल्ला दिला. सातशे पंचवीस.

बाराला काका आले, तोवर वंदना सुरू झाली आणि येणारे थांबले. मीही आत आईपाशी जाऊन बसले. पाच मिनिटं झाली नाहीत तर आई कानात म्हणाली, “बूट असेल ना गं?” परत दोन मिनिटांनी तेच. शेवटी म्हणाली, “मला बाहेर ने. माझं लक्षच लागत नाही.”

तिला धरून बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं. काकांनी बिल्ला बघितला आणि थेट एकतिसाव्या रांगेतली पाचवी पिशवी उचलून आणली. उघडली, तर आत लहान मुलीचे लाल सँडल.

आईचा चेहरा पांढरा पडला. माझं डोकंच फिरलं. “तरी मी विचारलं होतं, पिशवीवर नंबर का नाही म्हणून! आता दोन महिने तिने घरात बसायचं का? तुमच्या भागाकाराच्या नादापायी?” मी रागाने शेजारची पिशवी ओढायला गेले.

“हात लावू नकोस!” काका पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. “एक पिशवी हलली तर आतल्या साडेसातशे माणसांचं तेच होईल.”

मग ते वाकून ती रांग मोजायला लागले. टोकाला पोचले, थांबले. हळू आवाजात विचारलं, “प्रिती, तू पंचवीसच्या घातल्यास का गं?”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी मान डोलावली.

काका रागावतील असं वाटलं, पण त्यांचा चेहरा उलट खुलला. “सगळ्या पंचवीसच्याच ना? एखादी चोवीसची, एखादी सव्वीसची, असं नाही ना?”

“नाही काका. सगळ्या पंचवीसच्या.”

“मग काय बिघडलं! सातशे पंचवीसमधून माझ्या पाचशे शहात्तर गेल्या, राहिल्या एकशे एकोणपन्नास. पंचवीस पंचे सव्वाशे. तुझ्या पाच रांगा भरल्या, वर उरल्या चोवीस. म्हणजे तुझी सहावी रांग, चोविसावी पिशवी.”

ते गेले, बोटाने मोजत मोजत, आणि पिशवी घेऊन आले. आईने गाठ सोडली. बूट होता. ती त्याच्यावरून नुसती हात फिरवत राहिली, आणि मला रडू आवरेना. मी काकांचा हात धरून म्हटलं, “काका, चुकले मी. वाट्टेल ते बोलले.”

“अगं, चुकलीस, पण एकसारखी चुकलीस,” ते म्हणाले. “म्हणून सापडलं. आता तुझ्या सात रांगा तूच सांभाळ. वंदना संपली की लोक तुझ्याकडेच येतील.”

आईने बूट घातला, उभी राहिली, चार पावलं टाकून बघितली. मला वाटलं, आता घरी. पण ती परत खुर्चीवर बसली, वाकून बूट काढला, पिशवीत घातला, गाठ मारली आणि पिशवी दोन्ही हातांनी काकांच्या पुढे धरली.

“जय भीम, भिवाभाऊ. आत वंदना चाललीय अजून,” ती म्हणाली. “मी बसते जाऊन.”

काकांनी बिल्ला पुढे केला. आईने तो घेतलाच नाही.