एका रेडिओचे दोन इतिहास

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. म्हणजे हसा, पण चहा संपल्यावर. मी इतिहासाचा मास्तर. उभ्या आयुष्यात एकदाच स्वतः इतिहास लिहायला बसलो, आणि काय घोळ घालून ठेवला ते ऐका!

गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपुरात, गांधीबागेच्या मागे, कोष्ट्यांच्या गल्लीत आमचं वाचनालय होतं. दिवसा मी शाळेत शिकवायचो आणि संध्याकाळी वाचनालयाचा सचिव म्हणून मिरवायचो. वाचनालयापुढे एक ओटा, त्यावर टिनाचं छप्पर आणि भिंतीवर एक भोंगा. आतल्या रेडिओचा आवाज त्या भोंग्यातून बाहेर यायचा. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की गल्लीतले माग थांबायचे आणि विणकर ओट्यावर येऊन बसायचे. कित्येकांचे माग तर कायमचेच थांबले होते. ज्यांना दिवसभर कुठे बसावं कळत नव्हतं, त्यांना तो ओटा होता.

आणि त्या ओट्यावरच कार्पोरेशनची नोटीस आली! रस्ता रुंद करायचा आहे, ओटा पुढे आला आहे, तोडणार. हरकत असेल तर शनिवारी संध्याकाळी साहेब जागेवर येतील, त्यांना लेखी द्या.

झालं, माझ्या पायाला भिंगरी लागली. मी मुळातच अस्वस्थ माणूस. दोन मिनिटं खुर्चीत बसलो की तिसऱ्या मिनिटाला वाटतं, कुठेतरी काहीतरी बिघडतंय आणि मी इथे नुसता बसलोय.

"अहो, काहून असे घरभर फिरून राहिले?" बायको म्हणाली.

"ओटा वाचवायचा आहे!"

"मंग ओट्यावर जाऊन फिरा नं. इथं मी पोछा मारून राहिली."

फिरता फिरता सुचलं! हा ओटा साधा नाही, ऐतिहासिक आहे. नागपुरात लोकांसाठी रेडिओ पहिल्यांदा वाजला तो इथेच. सार्वजनिक प्रसारणाचं उगमस्थान! एकदा मोठ्याने म्हणून बघा, कसं भारदस्त वाटतं! इतकं भारदस्त वाटलं, की ते खरं असणारच अशी माझी खात्री पटली. आता फक्त पुरावा शोधायचा राहिला. वर्गात पोरांना मी काय सांगायचो? आधी पुरावा बघा, मग बोला. पण ते पोरांसाठी हो!

पहिल्यांदा सापडलं सभांचं जुनं प्रोसिडिंग बुक. त्यात ठराव होता: 'रेडिओ फक्त सभासदांनी ऐकावा, बाहेरच्यांनी खिडकीशी गर्दी करू नये.' हे काय? लोकांसाठी नव्हताच की मग! मी ते बुक कपाटात सगळ्यात खाली सरकवलं.

मग धरलं डोमाजींना. डोमाजी आमच्या गल्लीतले सर्वांत म्हातारे विणकर. रेडिओचा सेट दुकानातून त्यांनीच डोक्यावरून आणला होता. याहून मोठा साक्षीदार कुठे मिळणार?

"डोमाजी, नागपुरात लोकांसाठी पहिला रेडिओ इथेच वाजला ना?"

"नाही जी सर. त्याच्या लय आंधी आपल्या शुक्रवारी तलावापाशी एका पानठेल्यावर वाजे. मी तिथंच आयकलो."

पानठेला! उगमस्थान म्हणून पानठेला कसा चालेल, तुम्हीच सांगा?

"डोमाजी, खूप दिवसांत उमरेडला लेकीकडे गेला नाहीत. या शनिवारी जाऊन या की," मी म्हणालो.

शेवटी सापडला परवाना. तरुण मंडळींना ठाऊक नसेल, त्या काळी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि परवान्याच्या पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. आमच्या पुस्तकावर संस्थापकांचं नाव, वाचनालयाचा पत्ता आणि जुने-जुने शिक्के. सरकारी शिक्का म्हणजे पुराव्यांचा राजा! मी झोकात निवेदन लिहिलं: 'या ओट्यावर भोंगा लावून, अगदी सुरुवातीपासून, शेकडो नागरिक दररोज रेडिओ ऐकत आले आहेत.' ओट्यावर दाटीवाटीने तीस माणसं मावायची. पण एवढं इकडचं तिकडे चालतं.

इथे थांबलो असतो तर? पण थांबेल तो मी कसला! शुक्रवारी वाटलं, निवेदनावर पोस्टमास्तरांची सही घेतली तर साहेबांची बोलतीच बंद होईल. शाळा सुटल्या सुटल्या पोस्टात हजर.

पोस्टमास्तर सज्जन माणूस. त्यांनी निवेदन दोनदा वाचलं.

"भोंगा लावून आयकता?"

"भोंगा लावून!"

"रोज?"

"एक दिवस खंड नाही!"

"अन् सुरुवातीपासून?"

"अगदी पहिल्या दिवसापासून!" माझी छाती फुगत चालली होती.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, हा परवाना घरगुती आहे. चारचौघांत वाजवाले दुसरा लागते. हे सहीनिशी माह्यापाशी आलं, तं मले तुमचा सेट जमा करून घ्या लागन."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ओटा वाचवायला निघालो होतो, तो रेडिओही गमावून बसायची वेळ!

"नाही हो, तसं काही नाही," मी घाईघाईने म्हणालो.

"नाही नं? मंग तसं लिहून द्या."

तिथेच, डिंकाने चिकट झालेल्या टेबलावर, मी दुसरं निवेदन लिहिलं: 'या वाचनालयात सार्वजनिक श्रवण कधीही झालेले नाही.' आधार काय? कपाटात दडवलेला ठराव धावून आला! रेडिओ फक्त सभासदांसाठी. डोमाजींचा पानठेलाही आला. आणि भोंगा? 'भोंगा केवळ शोभेसाठी आहे.' खोटं कशाला बोलू, हा दुसरा इतिहास पहिल्यापेक्षा सरस उतरला होता. खाली कार्बन घालून नक्कलही ठेवली. मी शिस्तीचा माणूस ना!

शनिवारी साहेब आले. ओटा माणसांनी भरलेला. मी फाइल त्यांच्या हातात दिली आणि बाजूला उभा राहिलो. म्हणजे उभा कसला, येरझारा सुरूच. साहेबांनी पहिला कागद वाचला. मान डोलावली. मग त्यांनी पान उलटलं.

अहो, उलटायला पान होतंच कुठे दुसरं? होतं! सकाळच्या घाईत मी ती कार्बनची नक्कलही त्याच टाचणीत अडकवली होती.

"भोंगा केवळ शोभेसाठी?" साहेबांनी वर पाहिलं. आणि वरून भोंगा गरजला. बातम्या सुरू झाल्या होत्या.

"सर, दोन्ही सह्या तुमच्याच?"

"हो."

"मग यातला खरा इतिहास कोणता?"

ओट्यावरची तीस माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांची बसायची जागा मी माझ्याच हाताने घालवली होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

तेवढ्यात गर्दीतून डोमाजी पुढे आले. मला घामच फुटला. हे उमरेडला गेले होते ना?

"लेकीनं हाकललं मले," ते म्हणाले. "म्हणे, तिकडं ओटा तुटून राहिला अन् तुमी इथं काहून बसले? सायेब, पयला रेडिओ इथं नाही वाजला. पानठेल्यावर वाजला. पण पानठेल्यावाला उभं राहू देत नव्हता, हाकलून लावे. इथं आमाले कोणी हाकललं नाही. सभासद नसलो तरी नाही. माग बंद पडला तईपासून मी रोज इथंच बसतो. बस, इतकंच हाय."

साहेबांनी ओट्यावर एक नजर फिरवली. मग फाइल मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. "रस्त्यावर आलेल्या पायऱ्या तेवढ्या आत घ्या. ओटा राहू द्या, मी तसं लिहितो. आणि सर, त्या परवान्याचं रीतसर करून घ्या."

मला तर नाचावंसं वाटलं! पण साहेब जाता जाता थबकले.

"माझा मुलगा यंदा तुमच्याच शाळेत येतोय. तुम्ही कोणता विषय शिकवता?"

आता दोन-दोन इतिहास लिहून बसलेला माणूस काय सांगणार? मी खाली बघत म्हणालो, "चित्रकला."

"नाही जी सायेब!" मागून डोमाजी ओरडले. "हे इतिहास शिकवते. पुरावा हाय नं! माहा नातू ह्यांच्याच हातून नापास झाला!"