सव्वातीन सूत पाणी

आमच्या हिच्या मामांच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत : पाण्यात सूर मारणारे आणि गुडघे पोटाशी धरून मुटका मारणारे. धर्म, पक्ष, पगार यांची ते विचारपूस करत नाहीत. माझ्या लग्नात स्टेजवर पाय अडखळला आणि मी सोफ्यावर धप्पकन बसलो, तेव्हा फुलं टाकायच्या आधीच त्यांनी निकाल दिला, "जवाई मुटकावाला आहे." त्याला तेवीस वर्षं झाली. निकाल कायम आहे.

माजरीच्या खाणीतून निवृत्त झाल्यापासून मामाजी भद्रावतीला आमच्या कॉलनीच्या पोहण्याच्या टाकीवर दर उन्हाळ्यात पोरांना सूर मारायला शिकवतात. टाकी बारा मीटर बाय आठ मीटर. मी स्वतः मोजली आहे. शिकवणं टाकीपुरतं राहिलं असतं तर आम्ही सुखी असतो. पण जेवताना ते पोळीचा तुकडा ताटावर तिरपा धरतात, वरणात सोडतात आणि विचारतात, "पाहा, शितोडा उडाला का?" वरण माझ्या शर्टावर असतं, तरी उत्तर "नाई, मामाजी" असंच द्यायचं असतं. एकदा बसच्या पायरीवरून कंडक्टर धाडकन उतरला. "टाचा जोडून उतर ना बाबू," मामाजी म्हणाले. तो मुकाट्याने पुन्हा वर चढला आणि टाचा जोडून उतरला.

यंदा टाकी चालवणाऱ्या क्लबच्या कमिटीने ठरवलं, पोरांचा विमा असेल तरच वर्ग, नाहीतर टाकीला कुलूप. कमिटीचं चुकलं नव्हतं. पण टाकी बंद झाली की पोरं कुठे जातात, ते मामाजींना ठाऊक होतं. कॉलनीमागे एक बंद खदान आहे. तिच्यात पाणी निळंशार दिसतं आणि खाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही. "पोरं उड्या मारतीनच," मामाजी म्हणाले, "थ्या खदानीले कोनती कमिटी आहे?"

मी विम्याच्या अर्जात 'डायव्हिंग' असं लिहिलं आणि घोळ झाला. कंपनीने विचारलं, समुद्रात किती खोल जाणार, आणि ऑक्सिजन सिलिंडरचं प्रमाणपत्र कुठे आहे? मामाजींनी स्वहस्ते उत्तर धाडलं : "सप्रेम जय भीम. आमच्याकडे समुद्र नाही. सिलिंडर एकच आहे, त्यावर स्वयंपाक होतो." त्यानंतर पत्रव्यवहार सरळ झाला आणि शेवटी एकच अट उरली : सूर मारायची फळी पाण्यापासून तीन फुटांपेक्षा उंच नको. आमची फळी तीन फूट चार इंच, तीही सिमेंटात रोवलेली.

"फळी खाली येत नाई, तं पानी वर येईन," मामाजी म्हणाले. जादा पाणी जाण्याची भोकं आम्ही बुजवली आणि पाणी चार इंच चढवलं.

तपासणीला चंद्रपूरहून विमा कंपनीच्या एक तरुण मॅडम आल्या. मे महिना, भर दुपार. उन्हाने पाणी पिऊन टाकलेलं, आणि नेमकी वीज गेल्याने मोटार बंद. मॅडमनी फळीपासून टेप सोडली. तीन फूट आणि वर तीन सूत. इंचाचे आठ सूत धरले तर अर्ध्या इंचाहूनही कमी, पण जास्त ते जास्तच.

मामाजींनी शिट्टी फुंकली. "उतरा रे सारे पान्यात! मानेवरी! हालाचं नाई, श्वासही हळू!"

एकतीस पोरं कठडा धरून पाण्यात उतरली आणि पुतळ्यासारखी थिजली.

"काका, ही फसवणूक आहे," मॅडम म्हणाल्या.

"काऊन जी? पोरं नसतीन तवा सूर मारन कोन? इमा टाकीचा आहे का पोरायचा?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मानेपर्यंत एका पोराचे सरासरी बत्तीस किलो धरा. गुणिले एकतीस, भागिले टाकीचं क्षेत्रफळ. पाणी सव्वातीन सूत चढायला हवं."

टेप पुन्हा उतरली. तीन फुटांना पाव सूत कमी! पोरांनी एकदम श्वास सोडला, त्या लाटेने मॅडमच्या चपला भिजल्या, आणि त्या हसत हसत सही करत्या झाल्या. "वीज आली की आधी पाणी भरा. आणि रोज सकाळी माप वहीत लिहायचं, घट झाली तर कारणासह." वही अर्थातच माझ्याकडे आली. त्या उन्हाळ्यात खदानीवर एकही पोरगं गेलं नाही.

पॉलिसीत एकतीस नावं आली. बत्तिसावं आलं नाही. शिकवणाऱ्याच्या वयाची मर्यादा पासष्ट होती, आणि मामाजी अडुसष्टचे. "मी काठावरून शिकवीन," एवढंच ते म्हणाले. महिनाभर ते फळीच्या बाजूला टाचा जोडून उभे राहिले, कोरडे.

वर्गाच्या शेवटच्या संध्याकाळी पोरं गेल्यावर मी पंपाच्या खोलीला कुलूप लावत होतो. मागे आवाज आला. चप्. बस, एवढाच. मुटक्याचा आवाज मला चांगला परिचयाचा आहे. हा तो नव्हता. कुलूप लावायला मी बराच वेळ घेतला. वळलो तेव्हा मामाजी काठावर बसले होते, ओल्या केसांनी, पाण्याकडे बघत.

सकाळी माप घेतलं तर पाणी रोजच्यापेक्षा केसभर जास्त उतरलेलं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : ऊन.