पिंपळाच्या पानात लपलेलं नाव

मित्रांनो, आज आमच्या देवळी गावात माझ्या हातून मोठी चूक होता होता राहिली.

आमच्या विहारातल्या भिंतीवर माझ्या दिवंगत बाबांनी रंगवलेला बोधिवृक्ष धुरानं काळा पडलाय. त्यावर नवा रंग द्यायला मी डबा घेऊनच गेले होते. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एक ताई नागपूरहून आल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. "आधी थोडं पुसून तर पाहू."

कापसाच्या बोळ्यानं काजळी निघत गेली आणि एका पानात बारीक अक्षरं दिसली. 'शेवंता'. माझ्या आईचं नाव!

लहानपणी आमच्या टीव्हीवरच्या कॅसेटच्या गेममध्ये एक भिंत फोडली की गुप्त खोली सापडायची. बाबा म्हणायचे, "पोरी, बनवनाऱ्यानं ते कोनी शोधावं म्हनूनच लपवलं असन." आज भिंत फोडावी लागली नाही, हळूच पुसावी लागली.

ताई, तुमचे उपकार कसे फेडू? डबा न उघडताच परत आणला. मित्रांनो, तुम्हाला असं काही सापडलंय का?

आईला बोलावलं. ती पानावर बोट ठेवून म्हणाली,

"जिंदगीभर मले नावानं हाक नाई मारली या मानसानं."