देवाआधीची चारोळी

"अजून देवाचं झालं नाही, बाबू." गोदामातल्या पोत्यावर बसून, तंबाखू चोळत तो एवढंच म्हणायचा आणि माझ्या डोक्याला ताप व्हायचा.

इतवारीतल्या आमच्या शेठच्या गोदामात जंगलचा माल यायचा. मी तिथला कारकून. हा गडचिरोलीकडचा गोंड, आसपासच्या गावांची चारोळी गोळा करून आणणारा. आधी ती इथल्याच मिठाईवाल्यांकडे जायची. सत्तर सालानंतर बोटीने आखाती देशांत जाऊ लागली आणि सगळ्यांना घाई झाली. मुंबईहून रोज ट्रंककॉल. शेठ माझ्यावर ओरडायचा, मी ह्याच्यावर. हा कोणावरच नाही.

गावात पंडुम होईपर्यंत, म्हणजे नवं फळ देवाला वाहेपर्यंत, कोणी झाडाला हात लावत नसे. पंडुम कधी? गावचा पुजारी सांगेल तेव्हा. तो कधी सांगेल? फळ पिकून काळं पडल्यावर.

"अरे, बोट थांबते का तुझ्या देवासाठी?"

"नाही थांबत तं जाऊ दे ना गा. तिले कोण धरून राहिलं?"

सांगा, अशा माणसाशी बोलायचं तरी काय? शेठलाही तो तूच म्हणायचा. लवकर माल आण म्हणून शेठनं ट्रान्झिस्टर देऊ केला. ह्यानं एक अख्खं गाणं ऐकलं आणि परत टेबलावर ठेवून दिला.

पंडुम झालं की मात्र पहिल्या पोत्यासोबत माझ्यासाठी पळसाच्या पानांचा द्रोण यायचा. त्यात काळी, जराशी सुकलेली चारोळीची फळं. "देवाचं झालं. आता तू खाय." कितीही चिडलेलो असलो तरी मी तो संपवायचोच.

मग एका उन्हाळ्यात तो फारच लवकर आला, पोती भरून. शेठ खूश. मी पोत्यात हात घातला. बी हिरवट, पोचट.

"काय रे, यंदा देव लवकर जेवला?"

तो खाली बसला आणि सांगू लागला. बाहेरचे व्यापारी गाड्या घेऊन जंगलात शिरले होते, झाडंच पाडून कच्ची फळं नेत होते.

"पोरं म्हणे, थांबलो तं काहीच नाही राहत. आपणच तोडू. पुजारी घराबाहेर नाही आला." मग हळूच म्हणाला, "म्या बी तोडलं, बाबू."

सवयीनं मी हात पुढे केला. "माझा द्रोण?"

"देवाले नाही देल्लं, तुले कसं देऊ?"

"आणि बोटीपलीकडच्यांना चालतं?"

"ते कोण आहेत, मले का मालूम? तू तं घरचा माणूस."

त्यानंतर तो आला नाही. माल दुसरे लोक आणत राहिले, वेळेवर आणि हिरवा.

अजून चिडतो मी त्याच्यावर. श्रीखंडावर चारोळी दिसली की मी बोटानं बाजूला सारतो. बायको वैतागते, म्हणते, खा की मुकाट्यानं. खाईन ना. पण देवाचं झालं का, हे विचारायचं कोणाला?