पानीची पट्टी

फोन आला तेव्हा मी महिन्याची वर्तमानपत्रं तारखेनुसार लावून रद्दीचा गठ्ठा बांधत होते. पलीकडे शैलजा होती, अनिलची बायको. "मावशी, हे गेले... खुर्चीतच. ऑफिसची मीटिंग चालू होती." मी सुतळीची गाठ पुरी मारली आणि मग खाली बसले. त्या गाठीसाठी मी का थांबले, हे सहा आठवडे झाले तरी मला सांगता येत नाही.

ईशा, निनाद, तुम्ही दोघं इतक्या लांब वाढलात, की तुमच्यासाठी अनिलमामा म्हणजे व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे चहा पीत बसलेला टकलू माणूस. माझ्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा. पुण्याच्या कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, तसा तो केडगावात माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आला. तो डेटाबेस सांभाळायचा, म्हणजे बऱ्याच रुग्णालयांतल्या रुग्णांच्या नोंदी. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली, त्यामुळे शब्दाचा अर्थ ठाऊक होता, पण काम कळेना. एकदा विचारलंच. म्हणाला, "तुझा हजेरीपट असायचा ना मावशी, तसंच. फक्त मुलं काही लाख, आणि सगळी एकदम 'हजर' म्हणून ओरडतात."

"आणि तू काय करतोस?"

"हजर असलेल्याची गैरहजेरी लागू नये, एवढंच बघतो. ते नीट चाललं की मला कुणी ओळखत नाही."

त्याला कधी आवाज चढवताना मी ऐकलं नाही. एका दुपारी त्याच्या घरी भाजी निवडत बसले होते. आतल्या खोलीत तो हाताखालच्या कुणाशी तरी फोनवर बोलत होता. "बॅकअप आहे म्हणतोस, ठीक आहे. पण परत उभा करून पाहिलास का?... नाही ना? मग नाहीच आहे असं समज." बाहेर आल्यावर मला म्हणाला, "'आहे' म्हणणं फार सोपं असतं गं."

रविवारी मात्र हा माणूस संगणकाला शिवायचा नाही. स्कूटर काढून कर्जतकडच्या खेड्यांत जायचा आणि शेतांची नावं गोळा करायचा. सातबाऱ्यावर गटनंबर असतो, पण गटनंबराने कुणी वावराला हाक मारत नाही, असं त्याचं म्हणणं. हाडकी, लांडग्याचं लवन, हिरीचं वावर... म्हातारी माणसं सांगतील तसं, त्यांच्या तोंडचं, तो एकेका चिठ्ठीवर उतरवून घ्यायचा. नावामागची हकिगत चिठ्ठीच्या पाठीवर. संध्याकाळी धुळीने माखून, खिशात कुणी दिलेल्या शेंगा घेऊन परतायचा. शैलजा म्हणायची, "आठवडाभर पेशंटांची नावं, रविवारी शेतांची. माझं तेवढं लक्षात ठेवा."

गेल्या पावसाळ्यात मीच त्याला म्हटलं, बसून बसून कंटाळा येतो, मला काहीतरी काम दे. त्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा भरून चिठ्ठ्या आणि जुना लॅपटॉप आणून दिला. तीन रकाने होते: गाव, शेताचं नाव, सांगणाऱ्याचं नाव. "पाठीवरचं मी नंतर भरीन. तू फक्त जसं लिहिलंय तसं उतरव." डब्यावर त्याने कागद चिकटवला होता: 'मूळ. टाकू नये.'

जसं लिहिलंय तसं. तुम्हाला तुमची आजी ठाऊक आहे. इतकी वर्षं वह्या तपासलेला हात तो. 'लवन'चं, म्हणजे खोलगट रानाचं, मी 'लवण' केलं, 'हिरीचं'चं 'विहिरीचं' केलं, 'पांदन'ची 'पाणंद' केली. मला वाटलं, घाईत लिहिलंय, आपण निस्तरून देऊ. एका गावच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या, एक 'पाण्याची पट्टी' आणि एक 'पानीची पट्टी'. एकच नाव दोनदा आलंय म्हणून मी दुसरी वगळली. आपण चूक पकडली, याचा आनंदही झाला. काम संपलं आणि दिवाळीची साफसफाई निघाली. सगळं उतरवून झालंय, आता कागद कशाला, म्हणून चिठ्ठ्या रद्दीत घातल्या. डबा चांगला होता. तो पुसून ठेवला.

जायच्या आधीच्या आठवड्यात तो आला होता. थालीपीठ खाता खाता म्हणाला, "चिठ्ठ्या आहेत ना गं?"

मी तव्याकडे बघत म्हटलं, "आहेत."

"मग झालं. एकदा दोन्ही ताडून पाहू. त्यानंतर राजूरकडे जायचंय. तिथल्या डोंगरातली नावं वेगळीच असणार."

ऑफिसात कुणाच्या 'आहे'वर विश्वास न ठेवणारा माणूस. उठून कपाट उघडलं असतं तर रिकामा डबा समोरच होता. त्याने अजून एक थालीपीठ मागून घेतलं. पुढच्या वेळी सांगू, असं मी ठरवलं होतं...

दहाव्याला कर्जतकडून दगडूनाना म्हणून एक म्हातारे शेतकरी आले. माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाले, "बाई, सायबांनी आमच्या पानीआत्याचं नाव लिवून नेलं हुतं. त्ये हाय ना कम्प्युटरमदी?" मी विचारलं, पानीआत्या कोण? पानाबाई, त्यांच्या वडिलांची बहीण. नवऱ्याने टाकल्यावर माहेरी आली. भावांनी तिला बांधाकडेची एक पट्टी कसायला दिली आणि ती मरेपर्यंत तिने कसली. मूलबाळ नाही, कागदावर नाव नाही. "तिचं नाव फकस्त त्या पट्टीला ऱ्हायलंय. आता पोरं पलाट पाडत्यात. पट्टीबी ऱ्हानार न्हाई, म्हनून इचारलं."

मी पुन्हा म्हणाले, "आहे."

घरी येऊन लॅपटॉप उघडला. 'पानी' असं शोधलं. काहीच सापडलं नाही. 'पाण्याची' शोधलं, तर ती एक ओळ आली, माझ्या शुद्धलेखनात.

शैलजाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या मावशी, ते रागावले नसते." नसताच रागावला. त्याने शांतपणे डबा मागितला असता, स्कूटर काढली असती आणि पुन्हा त्या सगळ्यांच्या ओट्यांवर जाऊन बसला असता. ते त्याला करता आलं असतं, पण मी वेळेवर सांगितलंच नाही. चिठ्ठ्यांची पाठ मी एकदाही उलटून पाहिली नव्हती. अजून किती जणींचं मी पाणी केलं, हे आता कुणालाच शोधता येणार नाही.

काल शैलजाकडून नंबर घेऊन दगडूनानांना फोन लावला. म्हटलं, "नाना, मी खोटं बोलले. ते नाव मीच पुसलं." तिकडे बैलाचे घुंगरू वाजत होते, नानांनी त्याला थांबवलं. मग म्हणाले, "मग आता लिवा की. पानीची पट्टी. पानी म्हंजी पानी, बाई. प्यायचं न्हवं."

मी चिठ्ठी घेतली. 'न'पाशी हात अडखळला, पण तसाच लिहिला. पाठीवर पानाबाईची हकिगत लिहिली, नानांच्या शब्दांत. चिठ्ठी अनिलच्या डब्यात ठेवली, झाकण लावलं, डबा कपाटात सरकवला.

मग कपाट पुन्हा उघडलं, झाकण काढलं आणि चिठ्ठी आहे का ते पाहिलं.