गव्हाळ म्हणजे कुठला?

बायकोचा शेवटचा चांगला फोटो मी ब्लॅक अँड व्हाइट काढायला लावला.

‘शेवटचा’ हा तिचा शब्द. सोमवारपासून केमो सुरू होणार होती. केस जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणखी जे सांगितलं ते आम्ही दोघं घरात उच्चारत नव्हतो. “केस आहेत तोवर एक नीट फोटो काढून घेऊ,” ती म्हणाली. लाल काठाची हिरवी इरकल नेसली, नारिंगी कनकांबराचा गजरा माळला. यशवंतपूरच्या स्टुडिओत ती स्टुलावर अशी बसली की मी उगाच आपल्याच शर्टाची बटणं तपासली.

नोकरीत असताना मी फोटो क्लबात पाच आठवडे जाऊन आलो होतो. तेवढ्या पुंजीवर जाहीर केलं, “रंगांत चेहरा हरवतो. ब्लॅक अँड व्हाइटच!”

फोटोग्राफर म्हातारा आणि सोशिक. कानडीत म्हणाला, “सर, डिजिटलवर रंगीत काढतो. मग एका बटणात ब्लॅक अँड व्हाइट. उलटं मात्र होत नाही.”

“ते खोटं! कपाटात तो फिल्मचा कॅमेरा दिसतोय ना, तो काढा.”

“अहो, एक रंगीत असू दे की,” बायको म्हणाली. मोबाइलवर तरी एखादा काढला असता, तर मोबाइलही मी तिला पर्समध्ये ठेवायला लावला. कलेत व्यत्यय नको!

फोटो झकास आला. फक्त हिरवी साडी आणि लाल काठ एकाच राखेचे झाले.

चार महिन्यांत केस गेले, भुवया गेल्या, चेहरा काळवंडला. डॉक्टर आता पुढच्या औषधाचं नाव घेत नव्हते. एका दुपारी ती म्हणाली, “तो फोटो मला रंगीत बघायचाय.”

साडी पिशवीत कोंबून मी स्टुडिओ गाठला. फोटोग्राफरनं ती कॉम्प्युटरशेजारी पसरून रंग हुबेहूब भरला. गजराही भरला. मग थांबला.

“अक्कांचा रंग?”

“गव्हाळ.”

“गव्हाळ म्हणजे कुठला, सर?” त्यानं पडद्यावर एकाखाली एक सात-आठ गव्हाळ मांडले.

एकतीस वर्षं तो चेहरा समोर होता, आणि मला सांगता येईना. साडीसारखा नमुना घरून आणावा, तर घरी तो रंग उरलाच नव्हता; जुन्या फोटोंतही तो दर फोटोला वेगळा. शेवटी लाजेकाजेस्तव एकावर बोट ठेवलं.

तिनं फोटो बराच वेळ पाहिला. काठावरून बोट फिरवलं.

“साडी माझीच आहे. आत कोण बाई बसवलीत?”

“पुन्हा जातो. दुसरा रंग करून आणतो,” मी चपला शोधायला लागलो.

“बरं, राहू दे. भिंतीवर तो काळा-पांढराच लावा. हार तेवढा रंगीत आणा. आणि निवडायला तुम्ही जाऊ नका.”