झाकण काढलेला पेला

शिवाजी पेठेतल्या बँकेत ते कर्ज विभागाचे साहेब होते आणि माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. कर्ज मंजूर करायचं असलं की ते चहा मागवायचे. नसलं की स्वतःच्या पेल्यावरचं झाकण काढून पाणी समोर सरकवायचे आणि म्हणायचे, "बघूया की." त्यांच्या तोंडून 'नाही' कुणी ऐकलंच नाही. ते पाणी पिऊन गेलेली माणसंसुद्धा पुढं त्यांच्या प्रचाराला आली. साहेब खासदार झाले, मग मंत्री. आता अख्ख्या देशातला पक्ष त्यांच्या शब्दावर हलतो.

परवा राधानगरीकडच्या गावकऱ्यांबरोबर दिल्लीला गेलो होतो. पावसाळ्यात ओढा चढला की त्यांची वाटच बंद होते, म्हणून पूल मागायचा होता. साहेबांनी मला लगेच ओळखलं. "या पावणं, लई लांबनं आलासा," म्हणत सगळ्यांना बसवलं, शांतपणे ऐकून घेतलं. मग पेल्यावरचं झाकण काढलं आणि पाणी म्हाताऱ्या सरपंचांपुढं सरकवलं.

"बघूया की."

जिन्यात सरपंचांचे डोळे भरून आले. "एवढा मोठा माणूस, सवताच्या हातानं पाणी दिलं! पूल झालाच म्हणा की."

मी त्यांचा हात धरला. "जपून उतरा, मामा."